पाच नावं सांगा, मग तक्रार करा

"हल्ली चांगलं काही बनतच नाही." बदलापूरच्या फलाटावर, रिक्षाच्या रांगेत, सोसायटीच्या सभेत, हळदीच्या मांडवात, हे वाक्य कुठेही कानावर पडतं. म्हणणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो. गेल्या काही वर्षांतल्या पाच मराठी सिनेमांची नावं सांगा. बड्या कंपनीच्या पाठबळाशिवाय निघालेली पाच गाणी सांगा. बहुतेकांची गाडी 'सैराट'पाशी अडते. 'सैराट' 2016 सालचा. त्यानंतरचं पाहिलंच नसेल, तर ते वाईट होतं हे कळलं कसं?

माझं म्हणणं सरळ आहे. चांगलं बनतंय आणि भरपूर बनतंय. पण ते बनवणाऱ्यांकडे नाक्यानाक्यावर फलक लावायला पैसा नाही. त्यांची जाहिरात म्हणजे तुमचं-माझं तोंड, आणि आपण ते उघडतो नावं ठेवायला. म्हणून हा आठवडा शिफारशींचा. नावानिशी आणि कारणासकट.

वेळ आहे, खेळ नाही

बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. अंबरनाथ 60, उल्हासनगर 58. जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात. कुणी दारात उभा, कुणी चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून. हात कडीला अडकलेला असतो, कान मात्र मोकळे असतात. दादरला राहणाऱ्याला ऐकायला इतका वेळ मिळत नाही. तीन तासांत अख्खा अल्बम ऐकून होतो, मोठा सिनेमाही संपतो. आपण तो वेळ तीस-तीस सेकंदांच्या रील्सवर उधळतो, तेही स्पीकर चालू ठेवून, शेजाऱ्याची झोपमोड करून. ऐकायला वेळ नाही, ही सबब आपल्या पट्ट्यात तरी कुणी सांगू नये.

सिनेमागृहाचं दुखणं वेगळं. तिथे आपण जायला तयार असतो आणि खेळ नसतो. 2015 साली विनोद तावडे सांस्कृतिक कार्यमंत्री असताना मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवावा अशी घोषणा झाली. आधी ठरलं संध्याकाळी 6 ते 9. गदारोळ झाला आणि अखेर दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेवर तडजोड झाली. आता बाराचा खेळही नियमात बसतो. दुपारी बारा वाजता बदलापूरचा कमावता माणूस कुठे असतो? सकाळची गाडी पकडून तो कधीच ठाण्यापुढे गेलेला असतो. रात्री स्टेशनावर उतरतो तेव्हा संध्याकाळचा खेळ अर्धा झालेला असतो. मग चार दिवसांनी 'प्रेक्षकांचा प्रतिसाद नाही' म्हणून सिनेमा उतरवतात. ज्या वेळेला गाव गावात नसतं, त्या वेळेच्या रिकाम्या खुर्च्या मोजून गावाची आवड ठरवू नका. आम्हाला रात्री नऊनंतरचा खेळ द्या आणि रविवारचा द्या. मग मोजा.

खेळ मिळाला की माणसं येतात. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' जून 2023 च्या अखेरीस लागला. मैत्रिणींचे गट, भिशीचे गट, सासवा-सुना आणि विहिणींनी मिळून खेळच्या खेळ भरले. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं चौघींना नेलं. तो सिनेमा या अर्थानं लहान नव्हता, त्याच्यामागे पैसा होता. पण त्याला धावतं ठेवलं ते बायकांच्या तोंडी शिफारशीनं. हीच ताकद मला लहान सिनेमांच्या मागे उभी राहिलेली पाहायची आहे.

पाच सिनेमे

पहिला, 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांचा. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्यूरी पारितोषिक त्याला मिळालं. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. घरात रीतीभाती, पाहुण्यांची वर्दळ आणि एकच विषय: याचं लग्न कधी? तिथे त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही गोष्ट आहे, आणि दिग्दर्शकानं ती न ओरडता, न रडवता सांगितली आहे. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं त्या चौकटीत बसतात, उठतात, गप्प राहतात. मुलाचं मन ओळखून असलेली आई जयश्री जगताप यांनी अशी उभी केली आहे की आपापल्या घरातल्या आया आठवाव्यात. 'असले विषय आपल्या गावाकडे नसतात' असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो आधी पाहावा.

दुसरा, 'स्थळ'. जयंत दिगंबर सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन केला. 2023 साली टोरंटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला, आपल्याकडे 7 मार्च 2025 ला लागला. सविताला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, घरच्यांना तिचं लग्न उरकायचं आहे, आणि वडिलांच्या कापसाला भाव नाही. पाहुणे येतात, ती स्टुलावर येऊन बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच स्टूल, तेच प्रश्न. दिग्दर्शक हा प्रसंग इतक्यांदा दाखवतो की खुर्चीत आपणच अवघडतो. सुरुवातीला सविताच्या स्वप्नात मुलगा स्टुलावर बसतो आणि बायका त्याला निरखतात. तेव्हा प्रेक्षागृह हसतं, पुढे तेच हसू घशात अडकतं. बदलापुरातल्या इमारतींमध्येही रविवारी असे पाहुणे येतात. मुलगी दाखवण्याआधी दोन्ही घरांनी मिळून हा सिनेमा पाहावा.

तिसरा, 'आत्मपॅम्फ्लेट'. लेखन परेश मोकाशी यांचं, दिग्दर्शन आशिष अविनाश बेंडे यांचं, साल 2023. शाळेतल्या पोराचं वर्गातल्या मुलीवरचं प्रेम आणि त्याच काळात देशात उसळलेलं जातीचं, धर्माचं राजकारण एका दावणीला बांधून हा सिनेमा पळतो. तो बर्लिन महोत्सवात गेला होता. आपल्याकडे किती जणांनी पाहिला? नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या प्रत्येकानं तो आपल्या मुलांना शेजारी बसवून पाहावा. मुलं प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं देता यायला हवीत.

चौथा मराठी नाही. मुख्यतः मल्याळम, थोडा हिंदी, थोडा मराठी. पण आपल्या पट्ट्याचं दुःख मला त्याच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुठल्या सिनेमात दिसलं नाही. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. 2024 साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं. मुंबईतल्या इस्पितळातल्या दोन मल्याळी परिचारिका, आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती. ही भूमिका छाया कदम यांनी केली आहे. पार्वती विधवा आहे, नवऱ्यामागे घराचे कागद सापडत नाहीत, आणि बिल्डरला तिची खोली हवी आहे. एका रात्री ती आणि तिची सोबतीण त्या बिल्डरच्या आलिशान इमारतीच्या फलकावर दगड भिरकावतात. मग पार्वती सामान बांधते आणि रत्नागिरीकडच्या गावी निघून जाते.

हे दृश्य पाहताना मला कल्याणपुढची सगळी स्टेशनं आठवली. जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, चाळी पडल्या आणि गिरणगावातली घरं सरकत-सरकत डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरकडे आली. आज सरकार गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला घरं देऊ करतं, म्हणजे बदलापूरच्याही पुढे. कामगार म्हणतात, आम्ही मुंबईत राबलो, घर मुंबईतच द्या. हा वाद ज्यांना वर्तमानपत्रातल्या चौकटीपुरता वाटतो, त्यांनी छाया कदमची पार्वती पाहावी.

पाचवा, 'द डिसायपल', चैतन्य ताम्हाणे यांचा. 2020 साली व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार, 2021 पासून नेटफ्लिक्सवर. ख्याल गायकी शिकणारा एक तरुण, त्याचे गुरू, आणि कधी बाहेर न आलेल्या ध्वनिमुद्रणांतून बोलणारी एक थोर गायिका, माई. हा तरुण रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटारसायकल चालवत माईंची व्याख्यानं कानात ऐकत जातो. तो माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. नायक आदित्य मोडक स्वतः गायक आहेत, त्यामुळे गळा खोटा वाटत नाही. मन लावून, झिजून, तरीही आपण मोठे कलाकार होणार नाही हे कळलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. यशाच्या गोष्टी सगळेच सांगतात. ही न मिळालेल्या यशाची आहे, आणि त्यात कुणाची कीव केलेली नाही. शेवटचं दृश्य लोकल गाडीत घडतं. तिथे कोण गातं, ते पाहूनच कळू द्या.

पाच सूर

आता गाणी. 'स्वतंत्र संगीत' म्हटलं की काहींच्या डोळ्यांपुढे वांद्र्याच्या क्लबमधली गिटार येते. तिथवर जायची गरज नाही. संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यातला. त्याची 'गुलाबी साडी' 2024 साली घराघरात पोचली, मराठी न कळणारे त्यावर नाचले. तिला माझ्या शिफारशीची गरज नाही. पण भाषा मराठी म्हणून गाणं चालत नाही, हे रडगाणं तिनं कायमचं बंद केलं.

माझी पहिली शिफारस, 'स्वदेशी' या मुंबईच्या रॅप चमूची आणि त्यांच्या 'द वारली रिव्हॉल्ट' या गाण्याची. आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर त्यात गातात, एमसी मवाली मराठीत रॅप करतो. नावात 1945 चा वारल्यांचा उठाव आहे, गोदावरी परुळेकर ज्यात उभ्या राहिल्या तो, आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला. गाणं जंगलाचं आणि जमिनीचं आहे. बारवीचं पाणी पिणाऱ्या आपण सर्वांनी ते ऐकावं, कारण त्या धरणाखाली गावं गेली आहेत. याच चमूतला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा. मार्च 2022 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. त्याचंही ऐका.

दुसरी, 'अभंग रिपोस्ट'. संतांचे अभंग ड्रम, बेस आणि गिटारवर. शब्दांना हात न लावता चाल तापवायची, ही त्यांची रीत. 'अभंगाची वाट लावली' असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी पूर्ण ऐकून मग म्हणावं. कॉलेजातला मुलगा तुकोबांचे शब्द पाठ म्हणू लागला, तर तक्रार कशाची?

तिसरी, 'धम्म विंग्ज'. कबीर शाक्य यांनी उभा केलेला बँड, बुद्ध आणि बाबासाहेबांची गाणी रॉकच्या अंगानं गाणारा. आपल्या पट्ट्यात चौदा एप्रिलला किती चौकांत स्पीकर लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रात्री मंडळांनी तीच ती डीजे मिक्स वाजवण्याऐवजी अशा एखाद्या बँडला मंच द्यावा. भीमगीतांची परंपरा वामनदादा कर्डकांपासून जिवंत आहे ती नवं गाणारे येत राहिले म्हणून.

चौथी शिफारस कुठल्याही ॲपवर शोधू नका. ती बदलापूरच्या आसपासच्या आगरी गावांत, लग्नघरात मिळेल. धवला. आगरी लग्नात धवलारीण गाते आणि तिच्या गाण्यासोबत एकेक विधी पुढे सरकतो. हातात वही नाही, सगळं मुखोद्गत. उल्हासनगरच्या सिंधी घरांत लग्नाला 'लाडा' गातात, फाळणीनंतर छावणीत आलेल्या आज्यांनी ते सोबत आणलं. एकाच रेल्वेमार्गावरच्या या दोन ठेवी, आणि दोन्हींवर हळदीच्या डीजेचा सारखाच मारा चालू आहे. डीजे हवा तर लावा, पण आधी तासभर बंद ठेवून म्हातारीला गाऊ द्या. तिला विचारून ध्वनिमुद्रण करा आणि त्यावर तिचं नाव लिहा. 'पारंपरिक' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. गळा तिचा आहे.

पाचवी, गाडीतलं भजन. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. कुणी पिशवीतून टाळ काढतो, ढोलकी नसली तर डब्याच्या पत्र्यावर थाप पडते. रूपाचा अभंग, मग गौळण, उतरायच्या आत भैरवी. गिरणीतून, बँकेतून, मंत्रालयातून निवृत्त झालेली माणसं आजही केवळ भजनासाठी डब्यात चढतात. कंपनी नाही, तिकीट नाही, टाळ्यांची अपेक्षा नाही. याहून स्वतंत्र संगीत मला माहीत नाही. ज्याला रात्रपाळीनंतर डोळा लावायचा आहे, त्याची अडचण होते हेही खरं, आणि मंडळांनी त्याचा मान राखलाच पाहिजे. पण ज्याला ऐकायचं आहे त्यानं कानातली बोंडं काढून एक अभंग ऐकावा.

गाण्याला उत्तर गाण्यानं

एक गोष्ट बोलल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही. एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर गुन्हा दाखल झाला. कारण एक गाणं. खोक्यांच्या राजकारणावरचं, कुणाचंही नाव न घेतलेलं. तक्रार सत्ताधारी पक्षाच्या युवा संघटनेच्या पदाधिकाऱ्याची, आणि पोलीस ठाणं आपल्या अंबरनाथचं, शिवाजीनगर.

चैतन्य ताम्हाणे यांचाच 'कोर्ट' 2014 सालचा. त्यात वीरा साथीदार यांनी रंगवलेल्या नारायण कांबळे या शाहिरावर खटला चालतो, तोही गाण्यावरून. लोक तेव्हा म्हणाले, सिनेमात फार ताणलंय. नऊ वर्षांनी अंबरनाथच्या ठाण्यात एका गाण्याची नोंद झाली.

मुंगासेचं गाणं तुम्हाला आवडो न आवडो. मला त्याच्या राजकारणाशी देणंघेणं नाही, गाण्याशी आहे. ज्या मुलखात कलगीवाले आणि तुरेवाले रात्र-रात्र एकमेकांना सवाल-जवाब करत आले, तिथे गाणं झोंबलं तर दुसरं गाणं रचायचं. पोलीस ठाण्याची पायरी चढला तो फडात हरला. हे मी कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला सांगेन, उद्या खुर्चीवर कुणीही असलं तरी.

शिफारस कशी करावी

'भारी आहे, बघ' ही शिफारस नव्हे. सिनेमाचं पूर्ण नाव सांगा, दिग्दर्शकाचं सांगा, गाणाऱ्याचं सांगा. का पाहावा, ते एका वाक्यात सांगा. आणि चोरीची लिंक पाठवू नका. लहान सिनेमाला चार हजार तिकिटं कमी-जास्त झाली तर पुढचा सिनेमा होतो किंवा होत नाही. फुकट पाहून वर 'मराठीत दम नाही' म्हणणारा माणूस त्या दम तुटण्याचा वाटेकरी आहे.

पैसे लोकांकडूनही उभे राहतात. खाजगी एफएम वाहिन्यांवर मराठी गाणं वाजत नव्हतं, त्या काळात कौशल इनामदार यांनी सामान्य माणसांच्या लहान-लहान वर्गणीतून मराठी अभिमानगीत उभं केलं आणि 2010 साली ते ठाण्यात प्रकाशित झालं. ते गाणं आज शाळाशाळांत गातात.

बदलापूरला तर हे शिकवायला नको. श्याम जोशी यांनी 'ग्रंथसखा' इथेच उभं केलं. दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी अभ्यासक गाडी पकडून आपल्या गावात येतात. पुस्तकांसाठी जे एका माणसाच्या ध्यासानं झालं, ते सिनेमा आणि गाण्यासाठी शंभर जणांना का जमू नये? गणेशोत्सवाच्या दहा संध्याकाळींतली एक संध्याकाळ मंडळांनी एका लहान सिनेमाला द्यावी. निर्मात्याची रीतसर परवानगी घ्यावी, मानधन द्यावं, जमल्यास दिग्दर्शकालाच बोलवावं. मोठ्या नटाच्या हजेरीला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात असे कित्येक खेळ होतील.

आणि जे काही सांगायचं ते वेळेत सांगा. सिनेमा शुक्रवारी लागतो, त्याचं भवितव्य रविवारी रात्रीपर्यंत ठरतं. शनिवारी सकाळी चौघांना सांगितलंत तर सोमवारी त्याला खेळ मिळतो. सोमवारी सांगितलंत तर ती शिफारस उरत नाही, श्रद्धांजली होते.